शेळीचा काळा कान

माझं पोट चुका काढण्यावर चालतं. लातुरातल्या एका क्लासमध्ये सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छपाईला जाण्याआधी माझ्या टेबलावर येतात. कुठे आकृतीतला बाण उलटा, कुठे दोन पर्याय बरोबर, कुठे चारही चूक. मी लाल पेनानं गोल करून कागद परत पाठवते. शिकवणारे सर माझ्या नावानं बोटं मोडतात, हे मला ठाऊक आहे. मोडू देत. ही सवय काही मला नोकरीनं लावलेली नाही. ती लावली किनवटच्या होस्टेलमध्ये बघितलेल्या एका नाताळच्या कार्टूननं.

आमचं गाव उमरी तालुक्यातलं. मी पाचवीत गेले त्या पावसाळ्यात आई तापानं गेली, तीन दिवसांत. दसरा झाला की वडील कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, मग मला बघायला कोण? गावातल्या गुरुजींनी खटपट करून किनवटला मुलींच्या होस्टेलमध्ये जागा मिळवून दिली. सोडायला मावशी आली होती, आईची धाकटी बहीण. फाटकाशी तिनं माझी वेणी सोडून पुन्हा घालून दिली. आई भांग डावीकडे पाडायची, हिनं उजवीकडे पाडला. मी म्हटलं, "चुकलं." तिनं रबर बांधलं आणि ती बसकडे गेली.

होस्टेलातल्या निम्म्या मुलींचे आईबाप उसाला जाणारे होते. पहिल्याच संध्याकाळी ताटं धुताना एका मुलीनं मला विचारलं, "तुझी माय कुठं हाय?" मी म्हटलं, "उसाला जानार हाय. पाडव्याला येती." इतक्या सहज म्हटलं की मलाच पटलं. पुढं गुढीपाडवा आला आणि गेला, तर मी सांगितलं की माय परस्पर पुण्याकडं कामाला गेली. जिनं विचारलं होतं ती जंगलातल्या एका वाडीवरची, माझ्याच वर्गातली, पुढे माझी जिवाची मैत्रीण झाली. पण त्या वर्षी आमचं फारसं पटत नव्हतं, आणि त्याला कारण त्या कार्टूनमधली शेळी.

होस्टेलच्या बाई निलंग्याच्या. दुकानदारी करणारं घर, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, लग्न केलेलं नाही, आणि आवाज असा की पाण्याच्या टाकीजवळ हाक मारली तर रेल्वे फाटकापर्यंत जावी. भावाचं निलंग्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. डिसेंबरच्या शेवटी त्या चार दिवस गावी गेल्या, आणि परत आल्या तेव्हा मांडीवर चादरीत गुंडाळलेला व्हीसीआर होता. निलंगा ते नांदेड, नांदेड ते किनवट, सगळा रस्ता त्यांनी तो लेकरासारखा धरून आणला होता. सोबत एक कॅसेट. तिच्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "शेळीचा नाताळ". खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं, कारण भावाच्या दुकानात टीव्हीवरून रेकॉर्ड करताना बाईंनी बटण दाबेपर्यंत नावं सरून गेली होती.

नाताळ म्हणजे काय हेही आम्हाला धड माहीत नव्हतं. आमच्या वस्तीत पंचवीस डिसेंबर माहीत होता तो वेगळ्या कारणानं. त्या दिवशी विहारासमोर मनुस्मृती दहन दिनाची सभा असायची. तर रविवारी दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये खिडक्यांना चादरी लावल्या, आम्ही सतरंजीवर बसलो, आणि पडद्यावर बर्फ पडायला लागला.

मी अजून तो क्षण विसरलेले नाही. बर्फ आम्ही पाहिलेला तो गाडीवरच्या गोळ्यात, लाल सरबत ओतलेला. इथे छपरांवर, झाडांवर, कुंपणाच्या एकेका खुंटीवर पांढरं आणि वरून येणं चालूच. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अगं माय, येवढा कापूस कुनी इस्कटला?" कुणी हसलं नाही. सगळ्यांना तोच प्रश्न पडला होता.

कार्टून इंग्रजीत. बाई टीव्हीशेजारी उभ्या राहून मराठीत सांगायच्या. डोंगरातलं गाव, देवळासारखं त्यांचं चर्च, तिथली मोठी घंटा मुकी झालेली, कारण आतला लोलक तुटून पडलाय. नाताळच्या आदल्या दिवशी घंटा वाजली पाहिजे. लोलक दुरुस्त होऊन पलीकडच्या डोंगरावरच्या लोहाराकडे पडलेला आहे. मोठी माणसं वादळाला भितात, म्हणून एक लहान मुलगी आपली शेळी घेऊन निघते. पांढरी शेळी, डावा कान काळा. लोलक मिळतो, शेळीच्या गळ्यात बांधतात, पण परतताना वादळ गाठतं. मुलगी एका कपारीत शिरते, शेळी तिला चिकटून बसते, मुलगी डोळे मिटते.

आणि मुंग्या आल्या. पडदाभर काळ्यापांढऱ्या मुंग्या, खर्रर्र आवाज.

बाई शांतपणे म्हणाल्या, "इथं लाईट गेली होती. बसा. येतं पुढचं."

कुणाला नवल वाटलं नाही. लाईट जाणं आम्हाला नवीन नव्हतं. ती लग्नात जायची, परीक्षेत जायची, गिरणीत दळण अर्धं असताना जायची. कार्टूनमध्ये गेली तर काय झालं? आम्ही सहा-सात मिनिटं मुंग्यांकडे बघत बसलो. मला तर ते वादळच वाटलं. बर्फ वाढलाय आणि त्या खरखरीत कुठेतरी शेळी चालते आहे, नीट बघितलं तर दिसेल, असं वाटून मी डोळे फाडून बघत होते.

मग एकदम चर्च. घंटा वाजते आहे, सगळं गाव गातंय, पुढे ती मुलगी, आणि तिच्याजवळ शेळी, गळ्यात मुलीचा लाल मफलर. मुली टाळ्या पिटायला लागल्या. मी मात्र टाळी अर्धीच सोडली. शेळीचा उजवा कान काळा होता.

मी ओरडले, "चुकलं! चित्र काढनाऱ्याचं चुकलं! कान बदलला!"

वाडीवरच्या त्या मुलीनं घरी शेळ्या राखलेल्या. ती म्हणाली, "चुकलं न्हाई. ती दुसरीच शेळी हाय."

मी तिच्या अंगावर गेले. केस धरले, ओरबाडलं. "तीच हाय! तीच परत आली!" म्हणत होते. बाईंनी दोघींना दोन हातांनी वेगळं केलं. मला वाटलं आता धपाटा बसणार. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग कपाटातून एक कोरी दोनशे पानी वही काढली आणि म्हणाल्या, "चूक असेल तर लिहून ठेवू. भांडायचं नाही." मी लिहिलं, एक नंबर: शेळीचा काळा कान डावा होता तो उजवा झाला. बाईंनी ते वाचलं, जरा थांबल्या, आणि खाली सही केली.

तिथून सुरू झालं ते सुरूच राहिलं. दर पंचवीस डिसेंबरला, शिवाय कुणी पाहुणे आले, निकाल लागले, पाऊस लागून शाळा बुडाली की तीच कॅसेट. नवी चूक काढणारीनं दोन साक्षीदार आणायचे, बाई कॅसेट मागे फिरवून तपासणार, खरी निघाली तर वहीत नोंद आणि बाईंची सही. बक्षीस म्हणजे पुढच्या वेळी प्लेचं बटण दाबायचा मान. त्या बटणापायी मुली परीक्षेला करत नसतील इतका अभ्यास करायच्या.

काय काय काढलं आम्ही! गावावर पुनवेचा चंद्र आणि त्याच रात्री डोंगरावर कोर. चुलीचा धूर डावीकडे आणि बर्फ उजवीकडे, म्हणजे वारा नक्की कुणाचा? मुलीचा एक हातमोजा दरीत पडतो, पुढे दोन्ही हातांत मोजे, मग परत एक. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई चर्चसमोरून चार वेळा जाते, चारही वेळा डावीकडूनच. ती परत कधी येते? तिला आम्ही "फेरीवाली" म्हणायचो आणि ती दिसली की सगळा हॉल एका सुरात "आली!" म्हणायचा. गाणाऱ्यांतला एक म्हातारा तोंड न उघडता गातो.

शेळीवर तर सगळ्यांचा जास्तच अधिकार. वाडीवरची मैत्रीण म्हणाली, शेळी बसताना आधी पुढचे पाय मोडती, ह्यांनी मागचे आधी मोडलेत. हे चित्र काढनारा शहरातला हाय, त्यानं शेळी नुस्ती ताटात पाहिली असंल. दुसरी म्हणाली, लोलक बांधलेल्या दोरीची गाठ अशी मारली तर दहा पावलांत सुटती. तिचे आईबाप मोळ्या बांधणारे, तिला कोण खोटं पाडणार? बाई हसून डोळे पुसायच्या आणि सही करायच्या.

यात कुचेष्टा नव्हती, हे आज सांगायला हवं. बाईंनीच एकदा सांगितलं होतं की यातली एकेक हालचाल माणसांनी हातानं काढलीय, एका पावलासाठी किती तरी कागद. मग तर आम्ही चुका आणखी जीव लावून शोधायला लागलो. चूक सापडली की वाटायचं, इथं त्या माणसाचा हात दुखला असेल, इथं तो जेवायला उठला असेल आणि परत येऊन मोजा विसरला. कुठल्या मुलखातलं ते माणूस, आणि आम्ही किनवटच्या जंगलाकडेला बसून त्याच्या जेवणाच्या सुट्ट्या ओळखत होतो. मला ते तेव्हाही अद्भुत वाटायचं आणि आता तर त्याहून जास्त वाटतं.

मुंग्यांच्या वेळात दुसरा खेळ. मधे काय झालं असेल ते जिनं तिनं सांगायचं. कुणी म्हणायची लांडगा आला, कुणी म्हणायची लोहार मागून आला. माझं दरवर्षी एकच: सकाळ झाली, वादळ थांबलं, शेळी उठली, मुलीला उठवलं, दोघी घरी आल्या. मुली कंटाळायच्या. "तुझ्या गोष्टीत काहीच होईना गं." मी ऐकायची नाही. शेळी तीच होती आणि आपल्या पायांनी परत आली होती. यात मी कुणालाही बोट घालू दिलं नसतं. माझी आई कुठे आहे हे पुढे कधीतरी मी सांगणं बंद केलं आणि मुलींनी विचारणं बंद केलं. शेळीचं मात्र मी सोडलं नाही.

सुट्टीला न्यायला मावशीच यायची. डब्यात तिळाची चटणी आणि भाकरी. चटणीत मीठ जास्त, भाकरीचा काठ जाड, मी प्रत्येक वेळी सांगायची. बसस्टँडपर्यंत मी दहा पावलं पुढे चालायची आणि ती मागून. तिनं माझ्या वडिलांशी लग्न केलं नाही, दुसऱ्या कुणाशीही केलं नाही, आमच्या घरात राहिली आणि मला वाढवलं. मी तिला कधी आई म्हटलं नाही, तिनंही कधी म्हणायला लावलं नाही. वडील गेल्यापासून ती गावी एकटी राहते, आणि फोनवर माझं पहिलं वाक्य तिची चूक काढणारंच असतं: एवढा वेळ का लागला उचलायला?

आम्ही पांगलो. मैत्रीण आरोग्यसेविका झाली, किनवटकडेच असते. बाई निवृत्त होऊन निलंग्याला गेल्या. पण पंचवीस डिसेंबरला जमेल ती त्यांच्याकडे येते. भावाच्या शेतातला हुरडा असतो, हरभऱ्याचे डहाळे असतात. कॅसेटला बुरशी लागून किती तरी वर्षं झाली, व्हीसीआरमध्ये उंदरांनी संसार मांडला होता. तरी आमचा कार्यक्रम चुकत नाही. एकजण तोंडानं कार्टून सांगते, पहिल्या बर्फापासून, आणि बाकीच्या चुका ओरडतात. फेरीवाली आली की पन्नाशीला टेकलेल्या बायका अंगणात "आली!" म्हणून किंचाळतात आणि शेजारचे लोक दारात येतात.

कार्टून शोधायचा प्रयत्न आम्ही केला नव्हता असं नाही. पण नावच माहीत नाही तर शोधणार काय? या वर्षी डिसेंबरात एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मला सुचलं. मी फोनवर इंग्रजीत लिहिलं: बर्फ, घंटा, शेळी, आणि टोपली घेतलेली बाई जी चार वेळा जाते.

पहिल्याच झटक्यात सापडलं. माझ्या हातातला घास हातात राहिला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं एका जागी जमून त्याच कार्टूनच्या चुका लिहीत बसली होती. चंद्र होता. धूर होता. हातमोजा होता. तोंड न उघडणारा म्हातारा होता. एकानं लिहिलं होतं की टोपलीवाली बाई ही या कार्टूनची खरी नायिका आहे, ती कुठे जाते हे कळल्याशिवाय मी मरणार नाही. त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, आमच्या घरी ती आली की सगळे ओरडतात.

समुद्रापलीकडे कुठल्या तरी बैठकीच्या खोलीत आजोबा आणि नातवंडं ओरडत होती आणि इकडे किनवटला आमचा हॉल. एकमेकांची तोंडं न बघता आम्ही एकाच वेळी एकाच बाईला "आली!" म्हणत होतो. मी चवीनं सगळी यादी वाचली. शेळीच्या पायांची चूक मात्र त्यांच्यात कुणालाच सापडलेली नव्हती. तिथे आमच्या वाडीवरचीनं सगळ्या जगाला मागे टाकलं होतं. आणि आमचा एक नंबर तिथे नव्हता.

मी वरखाली तीनदा बघितलं. कानाबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही. एवढी डोळ्यांत तेल घालून बघणारी माणसं आणि कान दिसला नाही? खाली पूर्ण कार्टून होतं. मी डबा बाजूला सारला, कानात वायर घातली आणि कपारीपाशी नेलं. मुलगी डोळे मिटते.

मुंग्या आल्या नाहीत.

सकाळ होते. मुलगी उठते, शेळीला हलवते. शेळी उठत नाही. रात्रभर तिनं आपली ऊब दिलेली असते. मुलगी रडत नाही, नुसती तिचा काळा कान हातात धरून बसते, आणि चित्र बराच वेळ हलतच नाही. मग डोंगरावरचा एक म्हातारा धनगर येतो, तिला उचलून आपल्या झोपडीत नेतो, लोलक नेतो. ती निघते तेव्हा त्याच्या कळपातली एक शेळी मागे लागते. हिचा उजवा कान काळा. मुलगी तिला ढकलते. ती परत येते. मुलगी बर्फाचा गोळा मारते. ती थांबते आणि दहा पावलं अंतर ठेवून चालायला लागते. सगळा डोंगर ती दहा पावलं मागे चालते. गावाच्या वेशीवर मुलगी थांबते, वळते, गळ्यातला मफलर काढते आणि तिच्या गळ्यात बांधते.

मी तिथे टेबलाशी बसून रडले. प्रश्नपत्रिकेवर पाणी पडलं, आकृती पुसली गेली. मी गावी फोन लावला. मावशीनं उचलला, पहिल्याच घंटीला. मी विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "जेवले की. का गं, आज काही चुकलं न्हाई का माझं?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "बरी हायस ना तू?"

त्याच वेळी ऑफिसातली लाईट गेली. सगळी कॉम्प्युटरं धप्पकन बंद, प्रिंटर अर्धा कागद तोंडात धरून थांबला. शेजारचे सर म्हणाले, "गेलं सगळं." आणि मला समोर व्हीसीआर दिसला. लाईट गेली तर व्हीसीआरही बंद पडतो. कॅसेट फिरत नाही. मग त्या सहा-सात मिनिटांच्या मुंग्या कॅसेटवर आल्या कशा? मुंग्या रेकॉर्ड करायलाही लाईट लागते. अँटेनाची वायर काढून कुणीतरी बटण दाबून बसावं लागतं, मुलगी डोळे मिटते तिथपासून बरोबर घंटा वाजते तिथपर्यंत.

इतकी वर्षं. एवढ्या चुका काढणाऱ्या एवढ्या पोरी. आणि बाईंनी सांगितलं लाईट गेली होती, ते आम्ही सगळ्यांनी निमूट मानलं. मराठवाड्यात या सबबीवर शंका घेणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे.

पंचवीस तारखेला मी पहिल्या एसटीनं निलंगा गाठलं. बाकीच्या यायला वेळ होता. बाई अंगणात बाजेवर बसून डहाळ्यांचे घाटे सोलत होत्या. हात आता थरथरतात, आवाज मात्र तसाच. मी समोर बसले, चार घाटे सोलले आणि म्हटलं, "बाई, लाईट गेली तर व्हीसीआर पण बंद पडतो."

त्यांचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "किती वर्षं लागली गं तुला."

मग त्यांनी सांगितलं. दुकानात बसून त्यांनी सगळं कार्टून रेकॉर्ड केलं होतं, एकही लाईट न जाता. होस्टेलला नेऊन पोरींना दाखवायचं म्हणून खुशीत होत्या. "आन् मग तुझी आठवण झाली. तुझ्या फॉर्मवर आईच्या रकान्यात मयत लिहिलेलं. आन् तू पोरींना सांगून राहिली होतीस, माय पाडव्याला येती. मला वाटलं, त्या हॉलात, सगळ्यांच्या मधी बसून हे तू कसं बघशील? दुसऱ्या दिवशी वायर काढली आन् तेवढं पुसलं. म्हटलं, मोठी झाली की पूर्ण दाखवू. पण कॅसेट एकच होती. पुसलं ते पुसलंच."

मी आणखी एक डहाळा ओढला.

"आख्ख्या होस्टेलचा शिनिमा फोडला मी. तिथं कितीतरी पोरी आल्या आन् गेल्या, सगळ्यांनी मुंग्याच पाहिल्या. आन् तू कान धरून बसलीस. मला म्हायती होतं ती चूक न्हाई. तरी सही केली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दरवर्षी वाटायचं, आता ही विचारणार. सगळ्यांच्या चुका काढल्यास तू. माझी तेवढी काढली न्हाईस. आता सांग. चुकलं का माझं?"

किती वर्षं हा प्रश्न घेऊन ती बाई दर डिसेंबरला आमच्यात बसून हसत होती, हे मला तेव्हा कळलं. एका मुलीच्या खोट्याला टेकू द्यायला तिनं स्वतः खोटं सांगितलं होतं, आणि ते पोटात ठेवून म्हातारी झाली होती. एवढं कुणी आपल्यासाठी केलेलं असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

बाईंनी उशाखालून ती वही काढली. पुठ्ठा निघालेला, दोऱ्यानं शिवलेला. म्हणाल्या, "सगळ्या येऊ दे. मग लिही माझी. सगळ्यांसमोर. मी सही करते."

दुपारपर्यंत बाकीच्या आल्या. मैत्रीण किनवटहून आली, हातात तिळाच्या रेवड्यांचा पुडा. आगटी पेटली, हुरडा निघाला, कार्टून सुरू झालं. बर्फ पडला. फेरीवाली आली. मग मुंग्या आल्या, आणि जिनं तिनं आपापली गोष्ट सांगायला सुरुवात केली. माझी पाळी आली तेव्हा दोघी-तिघी म्हणाल्या, "हिचं राहू द्या, शेळी उठली आन् घरी आली."

मी म्हटलं, "नाही. शेळी उठली नाही. मधलं मला सापडलंय."

आणि मी सांगितलं. हलवणं, कान हातात धरणं, धनगर, दहा पावलं, मफलर, सगळं. फोन पिशवीतच राहू दिला. कणसं आगटीत करपली. संपल्यावर मैत्रीण हळूच म्हणाली, "म्हंजे दुसरीच शेळी. मी तवाच म्हनले हुते. केस उपटलेस तू माझे."

"हाव," मी म्हटलं. "तुझं बरोबर होतं. माझी माय उसाला गेली नव्हती."

"ते आम्हाला पहिल्या दिवाळीलाच कळलं हुतं," ती म्हणाली. "तुझी मावशी फाटकाशी रडली हुती."

मी वही ओढली. एक नंबरवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: ही चूक नाही. मग शेवटचं पान काढलं. बाई ताठ बसल्या होत्या, पेन पकडायला हात पुढे करून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलीसारख्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी पुढचा नंबर घातला, त्याखाली लिहिलं आणि वही बाईंपुढे धरली.

मैत्रिणीनं मान वाकडी करून वाचलं. "'लाईट गेली होती.' हे काय नवीन? हे तर सगळ्यांनाच म्हायती हाय."

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, आणि खाली सही केली.